गावात आलं, घरी आलं नाही

लिंबाजीबाबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर एप्रिलात, अंगात जाड लोकरीचा कोट घालून दारापुढच्या बाजेवर बसलेले. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती. प्यायचं पाणी लांबून डोक्यावर येत होतं, आणि या माणसानं अंगण झाडून त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं होतं. घामानं निथळत ते वाटेकडे डोळे लावून बसले होते. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलेलं दिसतंय. पुढे दोनेक वर्षं मी त्या गावात काढली, पण पहिल्या दिवशीचा तो गोंधळ काही पुरता गेला नाही. कधी वाटायचं, गावात शहाणा माणूस हाच एक. कधी वाटायचं, याच्याइतका आडमुठा उभ्या भोकरदन तालुक्यात सापडायचा नाही.

मी घनसावंगीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. नोकरीला लागून आठवडा झाला होता आणि शाळेत पोरं येईनात, म्हणून ती गोळा करायला वस्तीत गेले होते. गाव केदारखेड्याहून आत. मध्ये एक ओढा. ओढ्याच्या अलीकडे शाळा, चक्की, मारुती आणि बाकीचं गाव. पलीकडे बौद्धांची वस्ती. ओढा तरी केवढा, पावसाळ्यात गुडघाभर आणि एरवी नुसती वाळू. शाळेला लागूनच हेडगुरुजींची ओसरी, आणि तिच्या एका कोपऱ्यात गावचं टपाल. हेडगुरुजी शाळा सांभाळता सांभाळता तेही काम बघायचे. पत्रं वाटायला सोपान होता. चाळिशीचा, भिडस्त, पुढ्यात कोणी मोठ्यानं बोललं की टोपी काढून डोकं खाजवणारा.

लिंबाजीबाबांचा मुलगा प्रल्हाद विलायतेत होता. औरंगाबादच्या वसतिगृहात राहून शिकला आणि तिकडे इस्पितळात लागला. "हाडाचे फोटू काढतो," बाबा सांगायचे. अंगातला कोट त्यानंच कोणाच्या तरी हाती पाठवलेला. प्रल्हादची निळी हवाई पत्रं महिन्या-दीड महिन्यानं येत. आणि ती आली की ओढ्यावर जो देखावा व्हायचा, तो मी त्याच आठवड्यात पाहिला.

सोपान अलीकडच्या काठावर उभा राहिला आणि हात तोंडाशी धरून ओरडला, "लिंबाजी, विलायतचं आलंय."

पलीकडून आवाज आला, "आलंय तं आना की मंग."

"ये हिकडं. घेऊन जा."

"पत्ता कोनाचा हाय त्याच्यावर? माहा का वढ्याचा?"

सोपाननं टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं आता भांडण जुंपणार. पण लिंबाजीबाबा उठून आपल्या काठावर आले, खाली बसले, आणि दोघं दोन काठांवरून बोलायला लागले. बैल छावणीत नेले का, खडीच्या कामावर हजेरी कोण घेतं, सोपानच्या आईचा खोकला कसा आहे. चांगलं अर्धा तास जिव्हाळ्याचं बोलणं झालं. मग सोपान पत्र घेऊन माघारी आला, आणि हेडगुरुजींनी ते भिंतीतल्या कोनाड्यात, आधीच्या पत्रांवर ठेवून दिलं.

सोपानला मी विचारलं, "अहो, दहा पावलं पलीकडे जायला काय होतं?"

तो म्हणाला, "म्या कुठं न्हाई म्हन्तो, बाई? पन आजवर कोनी गेलंच न्हाई. चक्कीवर ठिवायचं, त्यायनी न्यायचं, आसंच चालू हाय. आन माही माय. तिला कळलं तं मला दारातच आंघोळ घालंल." एकदा त्यानं त्यातून तोडगाही काढला होता. पत्र ढेकळाला बांधून पलीकडे फेकतो म्हणाला. त्यावर लिंबाजीबाबा म्हणाले होते, "ढेकूळ बांधून फेकाया कैरी पाडून राह्यला का?"

असं हे कोडं. माणूस पत्राची वाट बघत रोज कोट घालून बसणार, पत्र आलं की घेणार नाही, आणि न आणणाऱ्या माणसाशी बैलांच्या गप्पा मारणार. यातला राग कुठे आणि लोभ कुठे हे मला उमजेना.

बरं, स्वतः मुलाला पत्र लिहायचं ते मात्र थांबवलं नव्हतं. प्रौढांच्या वर्गात बाबा लिहायला शिकले होते. अक्षर एवढं मोठं की पाच-सहा ओळींत हवाई पत्र भरायचं. ते चिकटवण्याआधी टपालाच्या खिडकीशी येऊन मला दाखवायचे, काना-मात्रा बघा म्हणून. प्रत्येक पत्रात दोन ओळी ठरलेल्या. "तुझं पत्र गावात आलं. घरी आलं नाही. बाकी सर्व खुशाल." मी एकदा म्हटलं, "बाबा, त्याला यातून काय कळणार?" ते म्हणाले, "आहे तेच लिवलं ना? मंग झालं तर."

एका दुपारी शाळा सुटल्यावर ते वर्गात आले आणि म्हणाले, "बाई, प्रल्हादचा मुलूख दावा." मी भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवला. त्यांनी विलायतेवर अंगठा ठेवला, मुंबईवर करंगळी टेकवायला बघितलं, हात पुरला नाही. मधल्या निळ्या रंगावरून त्यांनी सावकाश तळवा फिरवला.

"हे समदं पानी?"

"हो."

"एवढं वलांडून येतं?"

"हो."

"मंग आपला वढा ह्यात कुठं हाय?"

मी हसले. म्हटलं, "तो इतका लहान आहे बाबा, नकाशात दिसत नाही."

"दिसत न्हाई," ते म्हणाले. पुन्हा एकदा वाकून त्यांनी नीट पाहिलं आणि निघून गेले. मी फळा पुसायला घेतला.

या सगळ्यात होरपळत होती ती गोदाकाकू, त्यांची बायको. लेकाचा ख्यालीखुशालीचा कागद गावात येऊन पडतो आणि आपल्याला ऐकायला मिळत नाही, म्हणून ती रोज धुसफुसायची. "ह्या मानसाचा तोरा आन माह्या पोटाची आग," हे तिचं पालुपद. मला तिची दया यायची आणि बाबांचा राग. शेवटी मी हेडगुरुजींकडून एक पत्र मागून घेतलं, ओढा ओलांडला आणि बाबांपुढे धरलं. म्हटलं, "घ्या. आलं की नाही घरी?"

बाबांनी हात पुढे केला नाही. मला बाजेवर बसवलं. गोदाकाकूला चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "तुमी शाळेच्या बाई. तुमचं काम शिकवायचं. ह्या कामाचा पगार सोपान घेतो."

"पण त्याची हिंमत होत नाही, बाबा. तुम्ही तरी किती ताणायचं?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. निजामाच्या राज्यात, आणि त्यानंतरही छप्पन साली बौद्ध होईस्तोवर, गावकीचं काम त्यांच्या घराकडे होतं. गावात कोणी गेलं की परगावच्या नातेवाइकांना सांगावा पोचवायचा. दिवस असो, पाऊस असो, निघायचं.

"येकडाव पाटलाची म्हातारी गेली," ते म्हणाले. "तिच्या लेकीकडं गेल्तो, पार गोदागंगेच्या काठाला. दारात पोचलो तं लेक जेवाया बसल्याली. घास तोंडात आसताना सांगावा देऊ नये. मंग तिचं जेवन होईस्तोवर उन्हात भिताडाला उभा राह्यलो. तिनं हात धुतले, तवा सांगितलं. तिनं लई आकांत केला. मंग कोनीतरी वरून पानी वतलं, ते पेलो आन माघारी आलो."

त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "बाई, म्या कोनाचा सांगावा कधी येशीवर ठिवून आलो न्हाई. ह्या हिकडं, घेऊन जा, आसं म्हनलो न्हाई. सांगावा पायानं जातो, दारापोतर. बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. माझ्या माहेरच्या अंगणातही असे किती लिंबाजी उन्हात उभे राहून गेले असतील, ते त्या क्षणी डोळ्यांपुढे आलं आणि मला मान वर करवेना. पण चुलीशी बसलेल्या गोदाकाकूच्या पाठीकडे बघितलं की वाटायचं, हिनं काय केलंय? मी पत्र परत नेऊन कोनाड्यात ठेवलं. कोणाची बाजू घ्यावी हे मला त्या दिवशी कळलं नाही.

गोदाकाकूला मी एकदा हळूच विचारलंही, "तुम्हीच का नाही जाऊन आणत?" ती म्हणाली, "गेल्ते एकदा खिडकीपोतर. हात फुडं केला आन मागं घेतला. म्हनलं, ह्यो मानूस खरं बोलून राह्यला, तं म्याच त्याला खोटं काहून पाडू?" आणि लगेच पदर खोचून नवऱ्याला शिव्या देत शेण गोळा करायला गेली. या दोघांपुढे माझं डी.एड. काही कामाला येत नव्हतं.

मग एक दिवस माझ्याच नावानं विलायतेहून पत्र आलं. प्रल्हादनं लिहिलेलं. बिचारा पार चक्रावून गेला होता. बाबांच्या पत्रात शाळेच्या बाईंचं नाव असतं म्हणून तुम्हाला त्रास देतो, असं म्हणून त्यानं विचारलं होतं, की पत्र गावात येतं आणि घरी येत नाही म्हणजे काय? घर पडलं का? दुष्काळात आईबाबा गाव सोडून कुठे झोपडी घालून राहिले आहेत का? मी काय विचारतो त्याचं उत्तर का येत नाही? माझ्यावर रागावलेत का? आणि शेवटी लिहिलं होतं, मुलगी झाली, हे तीनदा कळवलं, त्यावर बाबांनी एक अक्षर लिहिलं नाही. मुलगी झाली म्हणून नाराज आहेत का, तेवढं कळवा.

मी तशीच पत्र घेऊन ओढ्यापलीकडे धावले. म्हटलं, "बाबा, प्रल्हादचं पत्र आहे, मला आलेलं. वाचून दाखवते."

बाबा बाजेवरून उठले. "ते तुमच्या घरी आल्यालं. तुमी वाचा," म्हणाले आणि लिंबाच्या झाडापलीकडे, ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. मी गोदाकाकूला वाचून दाखवलं. नात झाली हे ऐकताच तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. मग डब्यातला गूळ काढला, फोडला आणि वस्तीभर घरोघर वाटून आली. बाबा परत आल्यावर त्यांच्याही तळहातावर खडा ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. वस्तीत गूळ कशाचा वाटला जातोय, हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. गूळ विरघळेपर्यंत ते डोळे मिटून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं? गोदाकाकूला विचारलं तर म्हणाली, "काय की बाई. ह्या मानसाचं मला लगीन झाल्यापासून कळलं न्हाई."

प्रल्हादला मी उत्तर लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. घर जागेवर आहे, कोणी रागावलेलं नाही, नातीचा गूळ खाल्ला पण नात झाली हे त्यांना ठाऊक नाही, असं काहीतरी लिहून पाठवलं. ते वाचून तो आणखी किती गोंधळला असेल देव जाणे.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं. कोनाड्यातली पत्रं वाढत गेली. मग एका सकाळी टपालखात्याचे साहेब तपासणीला आले. कामसू, चष्मेवाले, ओसरीवर बसून एकेक वस्तू उचलून बघणारे. मी शाळेच्या दारातून सगळं पाहत होते. त्यांनी कोनाड्यातला निळा गठ्ठा काढला.

"हे काय आहे?"

हेडगुरुजी म्हणाले, "तो घेत नाही, साहेब."

"पत्ता बरोबर? माणूस हयात? मग नकाराचा शेरा मारा आणि परत पाठवा जिथून आली तिथे. आजच्या आज."

एवढा समुद्र ओलांडून आलेली पत्रं न उघडता पुन्हा समुद्रावर जाणार, आणि प्रल्हादच्या हातात पडणार. बापानं नाकारलं, एवढाच त्याचा अर्थ त्याला लागणार होता. हेडगुरुजींनी मात्र सुटलो म्हणून लेखणी उचलली.

साहेब म्हणाले, "असा बसल्याजागी नाही मारायचा शेरा. वाटपवाल्यानं दारात जायचं, पत्र पुढं करायचं, माणूस नाही म्हणाला की मग शेरा. घरी जाऊन नकार घेऊन या. मी आहे चहा होईस्तोवर."

त्या साहेबांना ओढ्याची गोष्ट कोणी सांगितली होती, की त्यांना नुसता नियम ठाऊक होता, हे मी आजही सांगू शकत नाही. सोपानच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. गठ्ठा उचलला आणि निघाला. मीही मागोमाग गेले. बाबा हट्टाला पेटून खरंच "न्हाई" म्हणाले तर गोदाकाकूला कोण सावरणार, हीच मला धास्ती होती. चक्कीवरची चार माणसं काठापर्यंत आली आणि थांबली.

ओढ्यात टिपूस नव्हता, तरी सोपाननं सवयीनं वहाणा काढून हातात घेतल्या. वाळू तापलेली. चालता चालता पुटपुटत होता, "न्हाई म्हन, लिंबाजी. येकडाव न्हाई म्हन, म्या मोकळा."

बाबा बाजेवर होते. कोट घातलेला, अंगण शिंपलेलं. सोपानला आपल्या काठावर चढताना पाहून ते उठून उभे राहिले आणि कोटाची सगळी बटणं लावली. सोपान अंगणाच्या कडेला थबकला. मग आत आला.

"टपाल," तो म्हणाला.

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. सोपाननं गठ्ठा त्यांवर ठेवला आणि लगेच विचारलं, "मंग, न्हाई म्हन्ता ना?"

"काहून न्हाई म्हनू?" बाबा शांतपणे म्हणाले. "घरी आल्यालं टपाल कोनी माघारी धाडतं का? बसा. पानी घ्या."

गोदाकाकूनं पाण्याचा तांब्या आणून बाजेवर ठेवला. सोपाननं तांब्याकडे पाहिलं. मग समोरच्या काठावर थांबलेल्या माणसांकडे. त्याचे ओठ वाळले होते. "सायेब थांबल्यात," म्हणाला आणि आला तसा भराभर निघून गेला. बाबांनी तांब्या उचलला, दारातल्या मिरचीच्या रोपाला पाणी घातलं आणि बाजेवर बसून पहिलं पत्र उघडलं.

ते एकेक अक्षर जुळवून वाचायचे. पत्रं लागोपाठ, जुन्यापासून. मी आणि गोदाकाकू खाली बसलो होतो. त्यांनी घाई करावी असं दोघींनाही वाटत होतं. कितव्यातरी पत्रावर ते थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"आगं," ते म्हणाले, "नात झाली."

"व्हय?" गोदाकाकू म्हणाली. "कवा? कोनावर गेली म्हन्तो?" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. नात एव्हाना घरभर चालत असणार, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती नवऱ्याचं मन राखत होती की तिला ते खरोखर आत्ताच कळत होतं, मला काही समजेना. मला स्वतःलाही ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं, एवढं खरं.

त्याच उन्हाळ्यात माझी भोकरदनला बदली झाली. प्रल्हादचं पुढचं पत्र दारापर्यंत गेलं की पुन्हा काठावर थांबलं, मला ठाऊक नाही. लिंबाजीबाबांना मी अखेरचं नीट पाहिलं ते पत्रं घरी आली त्याच संध्याकाळी. ते ओढा ओलांडून अलीकडे आले होते. एका हातात हवाई पत्र, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला गूळ. खिडकीशी सोपान उभा होता. बाबांनी त्याच्यापुढे खडा धरला. सोपाननं आधी इकडेतिकडे बघितलं, मग तो हातात घेतला आणि मूठ मिटली. त्यानं तो खाल्ला की वाटेत टाकला, देव जाणे. मूठ मिटलेली तेवढी मी पाहिली.

मग ते माझ्याकडे आले. नेहमीप्रमाणे पत्र माझ्यापुढे धरलं, काना-मात्रा बघायला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "तुझी पत्रं घरी आली. नात झाल्याचं आज कळलं. गूळ वाटला. बाकी सर्व खुशाल." मी एकही मात्रा दुरुस्त केली नाही. त्यांनी ते चिकटवलं, खिडकीत दिलं आणि माझ्या तळहातावर गूळ ठेवला.

"बाई, नात झाली."

त्याच पोरीचा तो माझा दुसरा गूळ. मी विचारलं, "अरे वा. कधी?"

"आजच कळलं," ते म्हणाले, आणि कोट काढून खांद्यावर टाकून ओढ्याकडे चालू लागले.